आठ आकड्यांचं टोपण

वेई लानयिंग दोंगग्वान या कारखान्यांच्या शहरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ग्वांगशीतल्या तिच्या गावाहून बसनं यायला दीड दिवस लागला आणि वाटेत सात वेळा उलटी झाली, हे ती आजही बोटांवर मोजून सांगते. आधी बुटांची खोकी चिकटवली. मग पौर्णिमेच्या मिठाईचे डबे केले, लाल-सोनेरी, आत रेशमी कापड लावलेले. मग घरोघरी मोबाइल आले आणि खोक्यांचं नशीब उघडलं. पूर्वी लोक वस्तू काढून घेत आणि खोकं चुलीत घालत. आता वस्तू बिघडली तरी खोकं कपाटात जपून ठेवतात. माणसांचं काय सांगावं!

कुआंग मालकांच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं नमुने करत होती. नवीन कुठलंही खोकं हजारांनी निघायच्या आधी एकदा एकटं करून बघावं लागतं. जाड करडा पुठ्ठा कापायचा, कोपरे जुळवायचे, वरून छापील कागद असा ओढून बसवायचा की कुठे सुरकुती नाही, कुठे फुगा नाही. गिऱ्हाईक येतं, उघडतं, मिटतं, नाकाजवळ नेऊन वाससुद्धा घेतं. पसंत पडलं तर बुडावर सही करतं. सही झालेला तो नमुना कुलपाच्या कपाटात जातो आणि मग तोच कायदा. पुढे मालावरून भांडण झालं की कपाट उघडायचं, नमुना टेबलावर ठेवायचा. तो म्हणेल ते खरं. सहीशेजारी एक चिठ्ठी चिकटवतात. तिच्यावर करणाऱ्याचं नाव. एकच ओळ, एकच नाव. कपाटातल्या तीनशेच्या वर नमुन्यांवर 'वेई लानयिंग' होतं. शाळा तिची चार यत्ता झालेली. पण आपल्या नावाची ती तीन चित्रासारखी अक्षरं अशी गोल, भरदार काढायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई मोठी शिकलेली.

तिची खरी कीर्ती मात्र टोपणाची. चांगल्या डब्याचं टोपण धरून डबा वर उचलला तर खालचा भाग धपकन पडत नाही, आणि अडकूनही बसत नाही. तो आपल्याच वजनानं, दमानं खाली उतरतो, जशी लठ्ठ बाई जिना उतरते. मधे हवा शिरायला केसाएवढी फट लागते. आता केस कुणाचा धरायचा, तान्ह्या बाळाचा की घोड्याच्या शेपटीचा, हे लानयिंगच्या अंगठ्याला कळायचं. फुटपट्टीला कळायचं नाही.

अशा बाईला पन्नाशी उलटल्यावर जळायची पाळी आली.

जिच्यावर जळायची तिचं नाव लो रुईनिंग. अठराव्या वर्षी ही मुलगी लानयिंगच्याच टेबलाशी शिकायला आली होती. तीन वर्षं 'शिफू, शिफू' करत मागे फिरली. हात शिकवील ती शिफू. आईच्या खालोखाल मान. मग शेन्झेनला गेली, तिथे कॉम्प्युटरवर खोक्यांची चित्रं काढायला शिकली, आणि एकोणतिसाव्या वर्षी परत आली ती एकटी नाही, मशीन घेऊनच आली. म्हणजे मालकांनी तिच्या सांगण्यावरून घेतलं. पलंगाएवढं मशीन. लानयिंगला जे कापायला अर्धा दिवस लागे ते चार मिनिटांत कापून मोकळं. त्याच्यासाठी मालकांनी काचेची खोली बांधली आणि तिला एसी लावला, कारण मशीनला आमच्याकडची दमट हवा सोसत नाही.

"मशीनला सोसत नाही," लानयिंग आ-फेनला म्हणाली. "मला बरी सव्वीस वर्षं सोसली."

आ-फेन चिकटवायच्या रांगेत बसायची. तिचा हात जेवढा चालायचा त्याच्या दुप्पट जीभ. "ताई, तू पण चाकं बसवून घे. चाकं असलेल्यांना एसी मिळतो. तिच्या खुर्चीला बघ, पाच आहेत."

ती खुर्ची! लानयिंगला काय काय सलायचं याची यादी करायची तर वर ती खुर्ची. रुईनिंग पायानं जमिनीला जरासा रेटा द्यायची आणि या टोकाहून त्या टोकाला तरंगत जायची, जसं काही तळ्यातलं बदक. मग तिची नखं. फिक्या हिरव्या रंगाची, लांब. आणि तरी कागदावर एक ओरखडा उठत नव्हता. नखांनी कागद फाडला असता तर लानयिंगला रात्री नीट झोप लागली असती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोरगी अजूनही 'शिफू'च म्हणायची, तेही चारचौघांत, मान वाकवून. उर्मट असती तर चार शब्द सुनावता आले असते. आता सुनावायचं कशावरून?

घरीही सुटका नव्हती. लानयिंगचा नवरा ताओ त्याच कारखान्याच्या भटारखान्यात आचारी. कमळकाकडी आणि बरगड्यांचं सूप तो झकास करायचा. एक दिवस लानयिंगनं बघितलं, रुईनिंगचा वाडगा पुढे आला तेव्हा पळी पातेल्याच्या तळाशी गेली आणि चार मांसल बरगड्या घेऊन वर आली. तिच्या स्वतःच्या वाडग्यात दोन आल्या होत्या, त्यातली एक नुसतंच हाड.

"पोरगी वाळलेली आहे गं," ताओ म्हणाला.

"आणि मी काय सुजलेली आहे?"

"तू घरची आहेस."

"घरच्या कुत्र्यालाही याच्यापेक्षा बरं हाड मिळतं," असं म्हणून तिनं वाडगा सरकवला, आणि मग सूप चांगलं झालेलं होतं म्हणून परत ओढून घेतला.

मार्च लागला. भिंतींना घाम फुटायचे दिवस. समुद्राकडून ओली हवा येते, फरशीवर पाणी उभं राहतं, दोरीवरचे मोजे आठ आठ दिवस वाळत नाहीत. अशात शेन्झेनहून पेंग नावाचा एक तरुण आला. पांढरेशुभ्र बूट घालून ओल्या फरशीवर बगळ्यासारखा पाय टाकत. त्याच्या कंपनीनं एक छोटा स्पीकर काढला होता, नासपतीच्या आकाराचा. मुलांना झोपताना गोष्टी सांगणारा. अठरा एप्रिलला शेन्झेनच्या मोठ्या सभागृहात तो लोकांपुढे यायचा होता. त्याच दिवशी तीस जण आपापल्या घरी डबा उघडणार, फोनचा कॅमेरा समोर लावून, आणि लाखो लोक ते उघडणं बघत बसणार.

"डबा उघडणं बघतात?" ताओनं नंतर विचारलं. "आत काय आहे ते माहीत असून?"

"तू लग्नात नवरीचा पडदा उचलताना बघत नाहीस? आत कोण आहे ते माहीत नसतं?" लानयिंग म्हणाली. खोक्याची बाजू घ्यायची वेळ आली की ती कुणाचं ऐकायची नाही.

पेंगनं फळ्यावर एक आडवी रेघ मारली. उजव्या टोकाला अठरा एप्रिल लिहिलं आणि तिथून उलटा मागे येत गेला. इतके दिवस माल पोचायला, इतके वस्तू भरायला, इतके चिकटवायला, इतके छपाईला, इतके आतला कागदी लगद्याचा साचा करायला. मागे येत येत खडू डाव्या टोकाला थांबला. "याच महिन्याच्या बारा तारखेला मी येईन. त्या दिवशी नमुन्यावर सही व्हायलाच पाहिजे. नाही झाली तर तेराला मी दुसऱ्या कारखान्यात असेन. आणि एक गोष्ट. टोपण धरून डबा उचलला की खालचा भाग मोजून आठ आकड्यांत उतरला पाहिजे. सात नको, नऊ नको. त्या आठ आकड्यांत बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मग स्पीकर काय, विकला जातोच."

तो गेल्यावर कुआंग मालकांनी दोघींना बोलावलं. मालक माणूस वाईट नव्हता, पण बोलताना कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही, छताशी बोलायचा. "दोघी एकेक नमुना करा. पेंग साहेब ज्याच्यावर सही करतील तो आपला. आणि... कसं आहे, आणखी एक मशीन यायचं आहे. जागा एकच आहे. वेई ताईंच्या टेबलाची. म्हणजे आत्ता काही ठरलं नाही. पण चिठ्ठीवर ज्याचं नाव येईल त्याचं काम पुढे, आणि दुसऱ्यानं... चिकटवायच्या रांगेवर देखरेख वगैरे. तेही मानाचंच काम आहे."

दुपारी लानयिंगनं ताओच्या बरगड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. ते टेबल. त्याच्या कडेला तिच्या कोपरांनी दोन खळगे पडले होते. तिथे मशीन बसणार, आणि ती आ-फेनच्या मागे उभी राहून 'गोंद कमी लाव' म्हणणार!

तिनं पाच दिवस लावले. पुठ्ठा चौदा वेळा कापला. टोपणाची आतली बाजू हाडाच्या पट्टीनं घासून घासून काचेसारखी केली. खिडकीशी बसून उचलून बघायची, मनात मोजायची. सहा. परत. नऊ. परत. पाचव्या दिवशी आठ आले. दहा वेळा उचललं, दहाही वेळा आठ. आ-फेन म्हणाली, "ताई, हे टोपण नाही, हा शहाणा नवरा आहे. सांगितलं तेवढाच वेळ घेतो."

रुईनिंगचा नमुना काचेच्या खोलीत तयार होत होता. लानयिंग तिकडे बघत नसे. फक्त पाणी प्यायला जाताना, परत येताना, आणि उगाच एकदा मधे.

अकरा तारखेला मालकांनी दोन्ही नमुने काचेच्या खोलीतल्या मेजावर नेऊन ठेवले. पाहुणा तिथेच बसणार, बाकी सगळीकडे भिंती गळत होत्या. बारा तारखेला पेंग आला. टेबलाभोवती सगळे उभे. आधी वडीलधारी म्हणून लानयिंगचा डबा. पेंगनं दोन बोटांनी टोपण धरलं, उचललं. "एक, दोन, ती..."

धप्प.

तिसऱ्या आकड्याला खालचा भाग मेजावर आदळला. आतला स्पीकर जरा उडालासुद्धा. पेंगनं पुन्हा उचललं. पुन्हा तीन.

लानयिंगच्या कानशिलांतून वाफ निघाली. तिनं रुईनिंगकडे बघितलं. हिनंच काहीतरी केलं! कागद घासला, आत पावडर टाकली, काहीतरी! पण रुईनिंगच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य होतं की ते खोटं असतं तर पोरगी नाटकात गेली असती.

मग रुईनिंगचा डबा. एक, दोन, तीन, चार. लठ्ठ बाई जिना उतरत होती. पाच, सहा, सात. आठ. खालचा भाग मेजाला टेकला तर आवाजसुद्धा नाही.

"अरे वा!" पेंग म्हणाला आणि खिशातून पेन काढलं.

त्या एका क्षणात लानयिंगनं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मनातल्या मनात त्या पोरीच्या नखांना, खुर्चीला आणि शेन्झेनला शिव्या घातल्या. दुसरी म्हणजे आपला डबा उचलला आणि त्याच्या अंगावर टिचकी मारली. टक्. कोरडा आवाज. वाळलेल्या भोपळ्याचा. तिच्या टेबलावर तोच डबा 'डब्' असा बोलत होता. एसीनं पुठ्ठ्यातलं पाणी एका दिवसात ओढून घेतलं होतं. पुठ्ठा आकसला, फट रुंदावली, डबा आदळला. खिडकीच्या ओल्या हवेत केलेला डबा, तिनं ओल्याच हवेत मोजला होता.

आणि मग तिला दुसरी बाजूही दिसली, आणि ती इतकी गोड होती की ओठ आवळून धरावे लागले. रुईनिंगचा डबा एसीत जन्मला, एसीत वाढला. बाहेरची हवा त्याला ठाऊकच नव्हती.

तिथेच सांगता आलं असतं. साधं, सरळ: साहेब, हा बाहेर अडकेल. पण सांगितलं असतं तर ते नुसतं सांगणं झालं असतं, आणि लानयिंगला बघायचं होतं. सगळ्यांना दाखवायचं होतं.

"पेंग साहेब," ती मधाळ आवाजात म्हणाली, "सही काय, होईलच. आधी जेवून घ्या. सूप निवतंय. आणि दोन्ही डबे माझ्या टेबलावर ठेवते, उजेड चांगला आहे. जेवून आल्यावर उजेडात सही करा."

मालकांनी छताकडे बघून मान हलवली. जेवण म्हटलं की नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

तिनं डबे नेले, टेबलावर खिडकीशी ठेवले, आणि खिडकी सताड उघडली. शेजारी गोंदाचं भांडं रटरटत होतं. त्याच्या वाफेत ठेवलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. हात तिकडे गेलाही. पण मग तिनं स्वतःच डबा उचलून भांड्यापासून लांब सरकवला. जळते आहे, पण लबाडी करणार नाही. हवा काय करायचं ते करेल.

जेवणं झाली. ताओनं पेंगला तीनदा वाढलं. मग दुपारची झोप. कारखान्यातले दिवे मालवले, पोरी पुठ्ठे अंथरून आडव्या झाल्या, पेंगसुद्धा खुर्चीत मान टाकून घोरला. लानयिंग एकटी टक्क जागी, खिडकीतून येणाऱ्या ओल्या वाऱ्याकडे बघत. भिंतीवरून एक थेंब ओघळून खाली आला की तिला बरं वाटत होतं.

अडीच वाजता सगळे टेबलाभोवती. पेंगनं पेन काढलं, आणि सवयीनं शेवटचं एकदा रुईनिंगचा डबा टोपणानं उचलला. एक, दोन, तीन... आठ, नऊ, दहा. खालचा भाग हललाच नाही. त्यानं झटका दिला. परत झटका दिला. डबा टोपणाला असा चिकटून राहिला जसं माहेराहून निघताना नवरीनं आईला धरावं.

आ-फेन फिस्सकन हसली. "बाई गं, याला तर बाहेर यायची लाज वाटतेय!"

रांगेतल्या पोरी हसल्या. रुईनिंगचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. तिनं डबा हातात घेतला, नखानं कड चाचपली, मग मान वर करून लानयिंगकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. कळलं होतं तिला. हवाही, आणि जेवणाचं आमंत्रणही.

लानयिंगला वाटलं होतं, आता मजा येईल. आली, पण पहिला घोट संपतो तशी चटकन संपली. कारण पेंग काही हसत नव्हता.

"म्हणजे एक बाहेर अडकतो आणि एक आत पडतो," तो म्हणाला. "माल भरणार तुम्ही इथे, या ओलीत. उघडणार आम्ही एसीत. उत्तरेकडे तर आत्ता हीटर चालू आहेत. मग मी सही कशावर करू? माझी गाडी साडेसातला आहे."

मालकांनी पहिल्यांदाच छत सोडून माणसांकडे बघितलं. "वेई ताई?"

सव्वीस वर्षांत तिच्याकडे कधी कुणी असं बघितलं नव्हतं. तिनं दोन्ही डबे हातात घेतले, उलटे केले, आत बोट फिरवलं. बाहेरून छापील कागद, पण आतून पुठ्ठा उघडा. उघडं तोंड दिसलं की पुठ्ठा पाणी पिणारच.

"मिठाईच्या डब्यांना आम्ही आतूनही कागद लावत होतो," ती म्हणाली. "तुपाचा डाग पडू नये म्हणून. आतून-बाहेरून कागद, कडा वळवून बंद, कुठेही पुठ्ठा उघडा नाही. ते डबे वर्षभर वाकडे होत नसत. तसला गुळगुळीत कागद आहे आपल्याकडे. पण जाडी वाढेल. चौदा वेळा कापत बसले तर परवा उजाडेल."

"किती वाढेल ते मला सांगा, शिफू," रुईनिंग म्हणाली. "कापायचं मी बघते. चार मिनिटं."

"केसभर."

"कुणाचा केस?"

"तुझा," लानयिंग चटकन म्हणाली. "माझा जाड आहे."

मग साडेपाचपर्यंत त्या टेबलाशी जे चाललं ते आ-फेन अजून सांगते. मशीन कापायचं, रुईनिंग पुठ्ठा घेऊन पळत यायची, लानयिंग कागद ओढून बसवायची, कडा हाडाच्या पट्टीनं दाबायची. "कोपरा असा घडी करतात? शेन्झेनला हेच शिकवलं?" "शेन्झेनला कोपरे मशीन करतं, शिफू." "मग मशीनला सांग, शिफू ओरडते." पहिला डबा अडकला. दुसरा पडला. तिसऱ्याला रुईनिंगनं मशीनवरचा मापाचा आकडा जरासा हलवला, आणि लानयिंगच्या अंगठ्यानं मान हलवली. तीन तासांत तिला एकदाही खुर्चीची आठवण झाली नाही. मात्र वाकलेल्या त्या पोरीचे हात किती झपाझप चालतात हे दिसत होतं, आणि हे हात आपण शिकवले म्हणून छाती फुगत होती, आणि आपले कधी एवढे झपाझप चालले नाहीत म्हणून तीच छाती आतून कुरतडत होती. दोन्ही एकदमच. माणसाच्या छातीत जागा बरीच असते.

तिसरा डबा आधी ताओच्या भटारखान्यात नेला, भात वाफवायच्या कपाटाच्या शेजारी. वीस मिनिटं तिथल्या ढगात. टोपण धरून उचलला. सगळा कारखाना मोठ्यानं मोजत होता, ताओ पळीनं ताल देत होता. आठ! मग काचेच्या खोलीत, एसीच्या अगदी तोंडाशी, वर रुईनिंगचं केस वाळवायचं यंत्र लावलं. आठ. जरासं अलीकडे, पण आठच.

"आता करतो सही," पेंग म्हणाला, आणि केली.

लानयिंग गोंदाचे हात धुवायला नळावर गेली. आता चिठ्ठी. पाण्याखाली हात चोळता चोळता तिला वाटलं, डबा दोघींचा, ओळ एकच. मग तिला एक वाक्य सुचलं: 'मालक, चिठ्ठीवर रुईनिंगचं नाव घाला. माझी कपाटात तीनशे आहेत.' काय वाक्य होतं! तिनं ते हळूच म्हणून बघितलं. मग शेवटी एक छोटा उसासा जोडून म्हणून बघितलं. उसाशानं चांगलं वाटत होतं. टेबल? पण असं वाक्य म्हणणाऱ्या बाईचं टेबल हलवायला मालकांचं तोंड होईल? आणि झालंच, तरी सगळा कारखाना म्हणेल, काय बाई आहे! पोरगी आयुष्यभर मान खाली घालून चालेल. तिनं हात पुसले, चेहरा शांत केला, आणि आली.

चिठ्ठी चिकटवून झाली होती. तिच्यावर बारीक, तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: वेई लानयिंग.

"बघितलंत, ताई?" मालक गहिवरून म्हणाले. "पोरीनं स्वतःहून लिहिलं. मी म्हटलं, अगं तुझंही काम आहे, तर म्हणते, शिफू असताना मी कोण? काय मोठं मन आहे! एवढ्याशा वयात!" आ-फेन डोळे पुसत होती. पेंगनं तर फोन काढून रुईनिंगचा फोटो घेतला. दारात पळी घेऊन उभा असलेला ताओ म्हणाला, "संस्कार, संस्कार!"

लानयिंगच्या अंगाची लाही लाही झाली. नाव तिचं, सही तिच्या डब्यावर, आणि मालक सांगत होते की तिचं टेबल कुठेही जाणार नाही, नवीन मशीन गोदामात बसेल. सगळं मिळालं. आणि मोठी कोण झाली? ती! मोठं मन दाखवायची पाळीसुद्धा या पोरीनं पटकावली, तेही चार मिनिटांत.

लोक पांगले. लानयिंग टेबल पुसायला लागली. स्वच्छच होतं, तरी पुसत होती. रुईनिंग शेजारी येऊन उभी राहिली.

"शिफू, रागावलात?"

"अक्षर बघ तुझं. मुंग्या चालल्यासारखं. माझं नाव असं लिहितात?"

"मग तुम्ही यायचं होतं लिहायला."

"मी काय लिहिणार होते माहीत आहे? तुझं नाव लिहिणार होते!"

तोंडातून निघून गेलं. रुईनिंग हसायलाच लागली. "खोटं."

"खोटं कशाला बोलू? वाक्यसुद्धा तयार होतं."

"मग म्हणा ना आता."

"आता म्हणून काय? डिंक वाळला." लानयिंगनं फडकं जोरात आपटलं. "दुपारी मी तुझी चारचौघांत फजिती केली, ते कळलं होतं ना तुला?"

"खिडकी उघडलीत तेव्हाच थोडंसं. मी पण आधी तुमचा डबा पडला तेव्हा खूश झाले होते, शिफू. खूप."

हे ऐकून मात्र लानयिंगला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणजे पोरगी अगदीच देवता नव्हती.

"पुढच्या महिन्यात एका केस वाळवायच्या यंत्राच्या खोक्याचं काम येतंय," ती म्हणाली. "त्याच्या चिठ्ठीवर तुझं नाव मी लिहिणार. मी. आधी. कळलं?"

"बघू या कोण आधी पोचतं ते."

"बघू काय? ते पेन इकडे आण," लानयिंग म्हणाली, आणि रुईनिंगच्या हातातलं पेन काढून घेऊन तिनं ते आपल्या खिशात टाकलं.